सॅमन आणि आणखी एक वाफ

ग्लेझ्ड सॅमन हा उत्तर अमेरिकेतल्या घरांत आठवड्याच्या मधल्या वारी रात्री होणारा पदार्थ आहे. सॅमनच्या तुकडीला सोया सॉस, मध किंवा मेपल सिरप, लसूण आणि काहीतरी आंबट यांचा लेप देऊन ती ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटे भाजतात. लेप आटून चकचकीत होतो, त्यालाच ग्लेझ म्हणतात. पाककृतींच्या पुस्तकांत या पदार्थामागे ‘झटपट’ आणि ‘पौष्टिक’ ही दोन विशेषणे ठरलेली असतात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत तो साधारणपणे बुधवारी होतो. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी पिझ्झा असतो आणि रविवारी मंडळाचा कार्यक्रम. उरतो बुधवार. श्रावणात तोही उरत नाही.

खाणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात. पहिला किनारपट्टीचा: अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोवा, कारवार. या वर्गाच्या लेखी सुरमई, पापलेट, बांगडा आणि हलवा हे मासे. बाकी सगळे नुसते पाण्यात राहणारे प्राणी. दुसरा वर्ग घाटावरचा. त्याच्या घरात तीन पिढ्या मासा आला नाही आणि चौथ्या पिढीत तो कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टबरोबर आला. सॅमन शिकण्यात हा दुसरा वर्ग जास्त यशस्वी ठरतो, कारण त्याला विसरायचे काही नसते. पहिल्या वर्गाला दोन धक्के पचवावे लागतात: माशात साखर पडणार आहे, आणि खोबरे पडणार नाही.

दुकानात येणारा सॅमन मुख्यतः दोन घराण्यांचा असतो. अटलांटिक सॅमन ही एकच जात; कार्ल लिनियसने 1758 मध्ये तिला साल्मो सालार हे शास्त्रीय नाव दिले. पॅसिफिकच्या बाजूला किंग, सॉकआय, कोहो, पिंक आणि चम अशा पाच जाती बाजारात चालतात. त्यांत किंग सर्वांत चरबीदार, तर सॉकआय सडपातळ आणि लालभडक. अमेरिकेत ‘अटलांटिक’ म्हणून विकला जाणारा मासा जवळजवळ सगळा शेतीतला असतो. नॉर्वेच्या हित्रा बेटावर ग्रोंट्वेट बंधूंनी 1970 च्या सुमारास समुद्रात तरंगत्या पिंजऱ्यांत सॅमन वाढवून दाखवला, आणि तेव्हापासून या शेतीने जग व्यापले. उत्पादनात नॉर्वे पहिला, चिली दुसरा. चिलीच्या सॅमनशेतीचे पाणी पॅसिफिकचे. म्हणजे पॅसिफिकमध्ये जन्म काढलेला अटलांटिक सॅमन विमानाने मायामीला उतरतो आणि पत्त्याचा हा घोळ कोणाला खटकत नाही. देवगडच्या पेटीत कुठकुठचे आंबे पाहिलेल्या गिऱ्हाइकाला तर मुळीच नाही. अलास्काने 1990 मध्ये मत्स्यशेतीला कायद्यानेच बंदी घातली. त्यामुळे तिथला सॅमन हमखास रानचा आणि हमखास महाग.

रंगाचेही असेच आहे. रानातल्या सॅमनला गुलाबी-केशरी रंग येतो तो कोळंबीच्या जातीचे बारीक जीव खाऊन, त्यांतल्या अस्टाझँथिन या द्रव्यामुळे. पिंजऱ्यातल्या सॅमनला हे द्रव्य खाद्यातून देतात. दिले नाही तर मांस राखाडी-पांढरे राहते आणि गिऱ्हाईक पाठ फिरवते. कोणती छटा खपते हे ठरवण्यासाठी साल्मोफॅन नावाचा रंगपट्ट्यांचा पंखा निघाला. त्यावरच्या छटांना 20 पासून 34 पर्यंत क्रमांक आहेत. साडीशी ब्लाउज जुळवण्याची सवय असलेल्यांना ही पद्धत चटकन कळते.

मासा पारखण्याची मराठी विद्या इथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. कोळणीपुढे बसून कल्ले उचलून पाहणे, डोळा निवळ आहे का ते बघणे, पोटावर बोट दाबणे आणि शेवटी सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर सुरुवात करणे, ही तिची चार अंगे. सुपरमार्केटातल्या सॅमनला कल्ले नसतात, डोळे नसतात आणि भाव छापलेला असतो. उरते बोट, तेही प्लॅस्टिकवरून दाबायचे. वास घेण्याचीही सोय नसते. अशा वेळी जाड, एकसारख्या उंचीचा, कडा न सुकलेला, पाकिटात पाणी न सुटलेला तुकडा घ्यावा, आणि शेपटीकडचा पातळ तुकडा दुसऱ्यासाठी ठेवावा, कारण तो मधल्या तुकड्याच्या निम्म्या वेळात शिजून कोरडा होतो. गोठवलेला मासाही चांगला असतो. तो आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून विरघळवावा आणि हवाबंद पाकीट असेल तर त्याआधी उघडावे. आदल्या रात्रीचे हे काम ‘वीस मिनिटांत तयार’ या मथळ्यात मोजलेले नसते.

भारतात हाच बेत करायचा तर हाताशी रावस असतो. मुंबईच्या हॉटेलांत तो ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिरवतो. प्रत्यक्षात त्याचे कुळ पूर्ण वेगळे, आणि सॅमनशी नाते मेनूकार्डापुरतेच. मांस मात्र घट्ट, पाकळ्या सुटणारे आणि लेप पेलणारे असते. सॅमनइतकी चरबी त्यात नाही, म्हणून वेळ चुकली तर रावस क्षमा करत नाही. सॅमन थोडीफार करतो.

तयारी अशी: तुकडा कागदी रुमालाने कोरडा टिपून घ्यावा. ओल्या माशावर लेप टिकत नाही, घसरून ट्रेमध्ये जातो. मधल्या रेषेवरून बोट फिरवले की बारीक काट्यांची टोके लागतात. ती चिमट्याने, काट्याच्या तिरक्या दिशेनेच ओढावीत. स्वयंपाकघरात चिमटा नसतो. तो न्हाणीघरातून येतो, आणि परत जाताना त्याबद्दल कोणी बोलत नाही. कातडी राहू द्यावी. ती खालून येणारी आच अडवते आणि शिजल्यावर आपोआप सुटते. मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवावे. हळदीची गरज नसते. पण बिनहळदीचा मासा ओट्यावर दिसला की सहा महिन्यांसाठी भारतातून आलेल्या सासूबाईंना तो अजून बाजारातच आहे असे वाटते. चिमूटभर हळदीने काही बिघडत नाही. फक्त साल्मोफॅनवर नसलेली एक छटा तयार होते.

ग्लेझचे मूळ शोधत गेले की जपान लागते. सोया सॉस, मिरिन, साके आणि साखर यांचा लेप देऊन भाजण्याची तेरियाकी ही तिथली रीत. घरोघर ती बुरी नावाच्या माशावर चालते. अमेरिकेत तिला रस्त्यावर आणण्याचे मोठे श्रेय सिएटलच्या तोशी कासाहारा यांना जाते. 1976 मध्ये त्यांनी छोटे दुकान काढून स्वस्तात तेरियाकी चिकन विकायला सुरुवात केली आणि पुढे त्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर तेरियाकी झाली. उत्तरेकडून मेपल सिरप आले, फ्रान्सकडून दिजाँची मोहरी आली, आणि सिएटल परिसरातली मराठी मंडळी कामाला लागेपर्यंत लेप तयार होता.

चार जणांसाठी, म्हणजे दीडदीडशे ग्रॅमच्या चार तुकड्यांसाठी, प्रमाण साधे आहे: तीन मोठे चमचे सोया सॉस, तीन मोठे चमचे मध, एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा तांदळाचे व्हिनेगर, दोन पाकळ्या लसूण आणि बोटाच्या पेराएवढे आले, दोन्ही किसून. छोट्या पातेल्यात मंद आचेवर चमच्याला चिकटेपर्यंत आटवावे. देशी आवृत्तीत मधाऐवजी गूळ आणि लिंबाऐवजी कोकमाचे आगळ चालते; तिखट चवीप्रमाणे. आगळ खारट असते, तेव्हा सोया सॉस निम्मा करावा आणि माशाला वेगळे मीठ लावू नये. गूळ, आमसूल आणि तिखट हे त्रिकूट पाहिले की घाटावरच्या वर्गाचा जीव भांड्यात पडतो, कारण ग्लेझ म्हणजे डाळ वगळून आटवलेली आंबटगोड आमटीच ठरते. किनारपट्टीचा वर्ग याच क्षणी ‘माशात गूळ?’ असे विचारतो. उत्तर देऊ नये. भाजलेल्या लेपाचा वास सुटेपर्यंत थांबावे.

तो वास दोन क्रियांचा असतो. पहिली, साखर आणि प्रथिने तापून एकमेकांत मिसळण्याची. तिचे वर्णन लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये केले. दुसरी, नुसती साखर करपण्याच्या वाटेवर लाल होण्याची. साध्या साखरेला त्यासाठी साधारण 160 अंश सेल्सियस लागतात. मधातल्या फ्रुक्टोजला 110 च्या आसपासच पुरतात. म्हणूनच मधाचा लेप मासा शिजायच्या आधी काळा पडू शकतो. उपाय असा की अर्धा लेप सुरुवातीला लावावा आणि अर्धा शेवटच्या तीन मिनिटांत. कच्च्या माशाला लागलेला ब्रश उरलेल्या लेपात बुडवला असेल तर तो लेप उकळल्याशिवाय ताटात घेऊ नये.

यानंतर ओव्हन. अमेरिकेतल्या मराठी घरात ओव्हन हे प्रामुख्याने भांड्यांचे कपाट असते. ते तापवण्याआधी त्यातून दोन कढया, तीन तवे, आप्पेपात्र, ढोकळ्याची थाळी आणि मागच्या दिवाळीपासून सापडत नसलेला चिरोट्यांचा झारा बाहेर काढावा लागतो. हे सामान ओट्यावर मांडले की मासा ठेवायला जागा उरत नाही, म्हणून ते जेवणाच्या टेबलावर जाते आणि जेवणाच्या वेळी तिथून सोफ्यावर. ओव्हन 400 अंश फॅरेनहाइटला, म्हणजे सुमारे 205 अंश सेल्सियसला, तापायला दहा ते पंधरा मिनिटे घेतो. ट्रेवर ॲल्युमिनियम फॉइल किंवा भाजण्याचा कागद घालावा. सांडलेली साखर ट्रेवर जळून बसली तर ती घासण्याचा वेळ स्वयंपाकाच्या वेळेपेक्षा जास्त भरतो. शेवटी वरची आच, म्हणजे ब्रॉयलर, लावायची असेल तर कागद नको. तो पेटतो. आदल्या रात्रीचे विरघळवणे सोडून भांड्यांचे स्थलांतर, ओव्हन तापणे आणि चिमट्याचा शोध धरला तर ‘झटपट’ या विशेषणाला साधारण सव्वा तास लागतो. त्यात मासा शिजतो बारा मिनिटे.

या बारा मिनिटांतच सगळी कला आहे, आणि ती करण्याची नसून थांबण्याची आहे. कॅनडाच्या मत्स्यव्यवसाय खात्याने एक सोपा नियम प्रसिद्ध केला होता: तुकडा सर्वांत जाड जागी मोजावा आणि दर इंचाला दहा मिनिटे द्यावीत. अमेरिकेत तो जेम्स बिअर्ड यांनी घराघरांत नेला. तो मूळचा 450 अंश फॅरेनहाइटचा. 400 ला दोन मिनिटे जास्त धरावीत. माशाचे स्नायुतंतू आखूड असतात आणि त्यांना बांधणारे पापुद्रे फार नाजूक. मटणाला तासभर लागते ते काम माशात काही मिनिटांत उरकते. त्यापुढचे प्रत्येक मिनिट केवळ रस पिळून काढते. तुकड्याच्या बाजूंनी पांढरा फेस गोठू लागला की समजावे, प्रथिने बाहेर पडत आहेत आणि सूचना मिळालेली आहे.

मराठी स्वयंपाकघराची अडचण इथे सुरू होते. तिथे पदार्थ झाला असे कोणी म्हणत नाही. ‘आणखी एक वाफ येऊ दे’ असे म्हणतात. ही वाफ भाजीला दिली जाते, भाताला दिली जाते, उपम्याला दिली जाते आणि पाहुण्यांना यायला उशीर झाला तर पुन्हा सगळ्यांना दिली जाते. त्यामागे शहाणपण आहे. डाळ, कडधान्य आणि मटण यांना जादा वाफेने नुकसान होत नाही, फायदाच होतो. किनारपट्टीवरच्या सारातही मासा शेवटी टाकतात आणि एक उकळी आली की आच बंद करतात. पण त्याच घरातली मंडळी ओव्हनसमोर आली की ती शिस्त विसरतात, कारण ओव्हनचे दार काचेचे असते आणि आतला मासा अजून गुलाबी दिसतो.

गुलाबी असणे हा कच्चेपणा नव्हे, हे जेवणाच्या टेबलावर सिद्ध करणे अवघड आहे. साधारण संवाद असा होतो:

“अगं, हा आतून कच्चा आहे.”

“आई, सॅमन असाच असतो.”

“असेल. पण एक वाफ दिली तर काय बिघडतं?”

बिघडते ते मोजता येते. अमेरिकी सरकारी शिफारस माशाच्या मध्यभागी 63 अंश सेल्सियस तापमानाची आहे. अनेक रेस्टॉरंटांतले आचारी 50 ते 52 वरच थांबतात. या अकरा ते तेरा अंशांच्या पट्ट्यात मासा मऊसूत पाकळ्यांपासून भुसभुशीत चुऱ्यापर्यंतचा सगळा प्रवास करतो. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्यासाठी 63 चाच आकडा पाळावा. सासूबाईंचा मुद्दा इथे सरकारमान्य ठरतो. मात्र मासा 60 च्या आसपास असतानाच बाहेर काढून तीन-चार मिनिटे झाकून ठेवला, तर आतल्या उष्णतेने उरलेले अंश तो स्वतःच गाठतो; ते खरोखर गाठले की नाही हे पुन्हा मोजून घ्यावे. झाकण ठेवताना ‘वाफ देते आहे’ असे म्हटले की शास्त्र आणि परंपरा यांचे एकाच वेळी समाधान होते. तापमान पाहायला अन्नाचा टोकदार थर्मामीटर मिळतो. तो तापाच्या थर्मामीटरशेजारी ठेवू नये.

सोबतीच्या पदार्थांत पुस्तके ब्रोकोली, ॲस्परॅगस आणि किन्वा सुचवतात, आणि सगळे एकाच ट्रेमध्ये भाजा म्हणतात. एकाच ट्रेमध्ये भाजता येते, पण एकाच वेळी ठेवता येत नाही. बटाट्याच्या फोडींना पस्तीस-चाळीस मिनिटे लागतात, ब्रोकोलीला वीस, सॅमनला बारा. म्हणून बटाटे आधी, मग ब्रोकोली, मासा शेवटी. किन्वा बहुतेक मराठी घरांत जानेवारीत विकत घेतला जातो आणि डिसेंबरात टाकला जातो. मधल्या काळात भात होतो. ग्लेझ भातावर उत्तम लागतो. पातेल्यात उरलेला चमचाभर लेप भाताने पुसून घेणारा माणूस प्रत्येक घरात असतो, आणि बहुधा रिपोर्ट त्याचाच आलेला असतो.

आता दुसरे विशेषण. शेतीतल्या अटलांटिक सॅमनच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे 20 ग्रॅम प्रथिने, 13 ग्रॅम चरबी आणि 208 कॅलरी असतात. चरबीतला मोलाचा भाग म्हणजे ओमेगा-3 मेदाम्ले. ड जीवनसत्त्वही भरपूर. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे खायला सांगते. ओमेगा-3 चे नाव झाले ते 1970 च्या दशकात, हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांचा आहार अभ्यासला तेव्हापासून. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे शंकाही घेतल्या गेल्या. शिवाय त्या लोकांच्या ताटात सील आणि व्हेल होते. मध आणि सोया सॉस नव्हता.

मध-सोयाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. तीन मोठे चमचे मध म्हणजे सुमारे 50 ग्रॅम साखर, दर माणशी साधारण तीन चहाचे चमचे. तीन मोठे चमचे सोया सॉस म्हणजे सुमारे 2,700 मिलिग्रॅम सोडियम. दर माणशी पावणेसातशे. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा 2,000 मिलिग्रॅमची आहे, म्हणजे तिचा तिसरा हिस्सा एका लेपात संपतो, आणि लोणचे अजून वाढलेले नाही. सुदैवाने लेपाचा बराच भाग फॉइलवर सांडून जळतो. या पदार्थाच्या पौष्टिकतेत फॉइलचा वाटा मोठा आहे. कमी मिठाचा सोया सॉस, निम्मा मध आणि जास्त लिंबू घेतले तर फॉइलवर एवढी भिस्त ठेवावी लागत नाही. चकाकी किंचित कमी होते.

राहिला धूर आणि वास. ब्रॉयलरखाली साखर गेली की धूर निघतो, आणि अमेरिकेतल्या कित्येक स्वयंपाकघरांतला पंखा तो बाहेर न टाकता जाळीतून गाळून पुन्हा घरातच सोडतो. धुराचा अलार्म वाजतो. हिंग-मोहरीच्या फोडणीवर तयार झालेल्या घरात याने कोणी दचकत नाही. ज्याची उंची जास्त तो टॉवेल घेऊन अलार्मखाली वारा घालू लागतो आणि बाकीचे खिडक्या उघडतात. माशाचा वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या द्रव्याचा असतो. मासा शिळा होत जातो तसे ते वाढते. लिंबू किंवा व्हिनेगर त्याला बांधून ठेवते, म्हणून आंबट घटक चवीइतकाच शेजाऱ्यांसाठीही आवश्यक आहे.

उरलेला सॅमन दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. तिथे तो तीन-चार दिवस टिकतो. थंडच कुस्करून काकडी, कांदा आणि दह्यात मिसळला तर कोशिंबिरीच्या जवळपास पोचतो. उकडलेला बटाटा, आले-मिरची आणि रवा लावून परतला तर कटलेट होतात, आणि किनारपट्टीचा वर्ग प्रथमच मनापासून दाद देतो, कारण मासा अखेर तळला गेलेला असतो. डब्यात न्यायचा असल्यास थंडच खावा. तो ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये. मायक्रोवेव्ह म्हणजे आणखी एक वाफच, आणि ती मजलाभर पसरते.